आरओच्या पाइपातलं रक्त आणि पऱ्हाटीचं झाड: मराठवाड्यात प्रॅक्टिकल इफेक्ट शिकताना

प्रॅक्टिकल इफेक्ट म्हणजे कॅमेऱ्यासमोर खरोखर घडवलेली गोष्ट. सांडलेलं रक्त, फुटलेली काच, कोसळणारा पाऊस, ढासळणारी भिंत. याच्या ज्या कृती ऑनलाइन सापडतात त्यातल्या बहुतेक थंड हवेच्या देशांत लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा मे महिन्यात परभणीत केल्या तर जखम गालावरून ओघळून हनुवटीवर येते, आणि जुलैत नांदेडला केल्या तर साखरेची काच फुटायच्या आधीच बोटाला चिकटते. म्हणून इथे प्रत्येक कृतीत ऋतू हाही एक जिन्नस धरायचा. सामानाची मात्र चिंता नको. जे लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त किराणा दुकानात, कृषी सेवा केंद्रात आणि आरओ दुरुस्तीच्या टपरीवर मिळतं.

आधी शॉट, मग सामान

बाजारात जाण्याआधी शॉट कागदावर काढा. इफेक्ट किती अंतरावरून दिसणार, किती सेकंद दिसणार, एका टेकमध्ये घडणार की कट मारून? जे कटने सुटतं त्यासाठी यंत्रणा बांधत बसू नका. कोयत्याचा वार दाखवायचा तर उगारलेला हात, समोरच्याचा चेहरा आणि मग रक्ताळलेला दंड एवढे तीन शॉट पुरतात; पाइप, पंप काहीच लागत नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर दाखवली, तेव्हा त्यांचं भांडवल कुंडी, कॅमेरा आणि धीर इतकंच होतं.

दोनशे पानी वही घ्या आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. प्रत्येक चाचणीची तारीख, हवेचं तापमान, ग्रॅममध्ये मापं, कॅमेऱ्याचं सेटिंग, किती वेळ टिकलं आणि काय बिघडलं हे लिहायचं. "थोडंसं", "अंदाजे" हे शब्द वहीत नकोत. पहिल्या दिवशी सुंदर जमलेलं रक्त दुसऱ्या दिवशी तसंच बनवता आलं नाही तर सलगता गेलीच. आणि चाचणी डोळ्यांनी पाहून पास करायची नाही. ज्या कॅमेऱ्यावर आणि ज्या लाइटमध्ये शूट आहे, त्यातूनच पाहायची.

रक्त

सुरुवात यानेच करा. स्वस्त आहे आणि चुका लगेच दिसतात.

वाहत्या रक्तासाठी: लिक्विड ग्लुकोज ५०० ग्रॅम, कोमट पाणी १०० मिली, खाण्याचा लाल रंग अर्धा चहाचा चमचा, कोको पावडर एक चमचा, निळ्या खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब. लिक्विड ग्लुकोज बेकरीचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात मिळतं. रंग पावडरचाच घ्या. पातळ रंग कितीही ओतला तरी सरबतासारखा फिका राहतो. रंग आणि कोको आधी त्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, तलम कापडातून गाळा आणि मग ग्लुकोजमध्ये मिसळा. कोरडी पावडर थेट ग्लुकोजमध्ये टाकली की बारीक ठिपके राहतात, आणि क्लोजअपमध्ये ते तिखट सांडल्यासारखे दिसतात. कोकोचं काम रक्त गढूळ करण्याचं. खरं रक्त पारदर्शक नसतं, नुसतं ग्लुकोज मात्र पारदर्शक असतं. निळ्याने गुलाबी झाक मरते. निळा मात्र थेंबाथेंबाने टाका, पाच थेंब पडले की रक्ताचा जांभूळ रस होतो.

जमिनीवर थारोळं दाखवायला एवढं ग्लुकोज परवडत नाही. तिथे एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, आधी थोड्या गार पाण्यात कालवून, उकळून घ्या आणि वरचेच रंग घाला. हे रक्त उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतं आणि वास सुटतो. त्याच दिवशी बनवा, त्याच दिवशी संपवा.

वाळलेल्या रक्ताला यातलं काहीच चालत नाही, कारण ग्लुकोज वाळतच नाही, चिकट राहतं. कपड्यावर जुना डाग हवा असेल तर गडद लाल आणि तपकिरी फॅब्रिक कलर पाण्याने पातळ करून स्पंजने थापा. त्वचेवर साकळलेलं रक्त हवं असेल तर काकवीत थोडा लाल रंग आणि कोको. रंग अप्रतिम येतो. मुंग्या आणि माश्याही येतात, तेव्हा नटाला झाडाखाली तासभर झोपवून ठेवायच्या सीनमध्ये काकवी वापरू नका.

कुंकू, रांगोळीचे रंग, होळीचे रंग त्वचेवर अजिबात नको. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. तोंडातून रक्त येणार असेल तर त्यासाठी वेगळी बाटली ठेवा, त्यात फक्त खाण्याचे जिन्नस, आणि बाटलीवर ठळक "तोंड" असं लिहा. कपड्यासाठीच्या रक्तात अर्ध्या लिटरला एक चमचा भांड्याचं लिक्विड घातलं तर डाग निघायला सोपा जातो. हे दोन डबे एकमेकांशेजारी ठेवले की घोळ होणारच, म्हणून वेगळ्या पिशव्या.

खाण्याचा रंग त्वचेला दोन दिवस धरून बसतो. आधी व्हॅसलिनचा पातळ हात द्या. राहिलेला डाग शेव्हिंग फोमने बराचसा जातो. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त असेल तर एकसारखे तीन सदरे हवेत. दोनच असले तर दुसऱ्या टेकनंतर दिग्दर्शक तुमच्याकडे पाहतो आणि तुम्ही जमिनीकडे.

आता कॅमेरा. घरगुती पिवळ्या बल्बखाली रक्त नारिंगी दिसतं, निळसर रात्रीच्या लाइटमध्ये काळं. फोनवर शूट असेल तर व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर फ्रेममध्ये लाल रंग वाढला की फोन स्वतःच सगळं निळसर करायला लागतो. रात्रीच्या सीनसाठी रक्त नुसत्या डोळ्याला भडक वाटेल इतकं उजळ बनवावं लागतं.

जखम: जिलेटिन की लेटेक्स, हे थर्मामीटरला विचारा

जिलेटिनची जखम शिकायला सोपी आणि पुन्हा वितळवून वापरता येते. नेहमीचं माप म्हणजे जिलेटिन पावडर, पाणी आणि ग्लिसरीन, प्रत्येकी तीन चमचे. तिन्ही एकत्र करून पंधरा मिनिटं फुगू द्या, मग वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून हलक्या हाताने ढवळत वितळवा. उकळी येऊ द्यायची नाही. उकळलं की फेस होतो, बुडबुडे जखमेत छिद्रं म्हणून दिसतात आणि जिलेटिनची ताकदही जाते. थोडं फाउंडेशन घालून त्वचेच्या रंगाच्या जवळ आणा. तेल लावलेल्या गुळगुळीत ताटलीवर चमच्याने ओता, कडा कागदाइतक्या पातळ ओढा, मधे जाडी ठेवा. दहा मिनिटांत गोठतं. त्वचेवर थेट ओतायचं असेल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. कोमट लागलं तरच पुढे जा.

चिकटवायला स्पिरिट गम, म्हणजे नकली दाढी-मिशी लावायचा डिंक. कडा विरवायला गरम पाण्यात बुडवलेला ब्रश कडेवरून फिरवा, जिलेटिन वितळून त्वचेत मिसळतं. सगळी खुबी या कडेत आहे. जखमेचा रंग थोडा चुकला तर प्रेक्षक सोडून देतो, उचकटलेली कड सोडत नाही.

घोटाळा उन्हाळ्यात होतो. पाणी जास्त असलेलं जिलेटिन शरीराच्या उष्णतेच्या आसपासच मऊ पडायला लागतं. बाहेर ४२ अंश आणि खालून घाम म्हटल्यावर त्याचा निभाव लागत नाही. मार्च ते जूनमध्ये माप बदला: जिलेटिन चार चमचे, पाणी दोन, ग्लिसरीन पाच. हे जास्त दाट होतं, वितळायला वेळ लागतो, पण धरून राहतं. तुकडे थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीवर ठेवा, पण बर्फाला लागू देऊ नका. पाणी शोषलं की कडा फुगतात. सीन सकाळी दहाच्या आत उरका. दुपारी बारा वाजता उघड्या माळावर जिलेटिनची जखम लावायचा हट्ट असेल तर सोडून द्या.

त्या वेळेला लेटेक्स, म्हणजे रबराचा पातळ चीक, कामाला येतं. त्वचेवर पातळ थर, त्यावर टिश्यू पेपरचा एकच पदर हाताने फाडून (कात्रीची सरळ कड कॅमेऱ्यात दिसते), पुन्हा लेटेक्स. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून वाळवायचं. असे तीन-चार थर झाले की मधोमध बोथट चिमट्याने फाडून ओठासारख्या कडा उघडा. ब्लेड त्वचेजवळ आणायचं नाही, कितीही हात बसलेला असो. आत गडद तपकिरी, मग लाल, मग दाट रक्त. वाळलेल्या लेटेक्सला टाल्कम पावडर लावायची विसरलात तर ते स्वतःलाच चिकटून गोळा होतं. भुवया, दाढी, हातावरचे केस यांवर आधी व्हॅसलिन, नाहीतर काढताना केसांसकट निघतं. आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून २४ तास पाहा. लेटेक्सची ॲलर्जी काही जणांना गंभीर असते. खाज किंवा चट्टा आला तर त्या नटाला लेटेक्स नाही, विषय संपला.

आणखी एक गोष्ट आधीच विचारायची असते. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतं. शाकाहारी नट असेल किंवा कुणाची धार्मिक अडचण असेल तर ती मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर कळू नये. चायना ग्रासने काम भागेल असं वाटतं, पण ते ताणलं जात नाही, चेहरा हलला की तडकतं.

नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात रंगभूषा असतेच. तिथल्या विद्यार्थ्यांना चाचणीला बोलवा. त्यांचा ब्रशवरचा हात तयार असतो, फक्त रंगमंचाच्या सवयीने ते शेवटच्या रांगेसाठी रंगवतात. कॅमेऱ्यासाठी तेच निम्म्याने उतरवायचं.

तुटलेला हात

साचा घ्यायला डेंटल अल्जिनेट, म्हणजे दातांचं माप घ्यायची पावडर. दंतवैद्यकीय सामानाच्या दुकानात साधारण ४५० ग्रॅमची पाकिटं मिळतात. मनगटापर्यंतच्या एका हाताला एक पाकीट पुरतं. पाकिटावर दिलेल्या मापापेक्षा पाणी थोडं जास्त घ्यायचं, कारण दातांसाठीचा घोळ हातासाठी फार घट्ट होतो. पाणी फ्रीजमधलं. कोमट पाण्यात अल्जिनेट ढवळता ढवळताच गोठतं, आणि इथे उन्हाळ्यात टाकीचं पाणी कोमट नसतं तर गरम असतं. हात मगात घालून बोटं किंचित हलवा, हवा सुटते. तीन-चार मिनिटांनी मूठ सैल करत हात काढा. साच्यात लगेच प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. तासाभराने अल्जिनेट आक्रसतं आणि बोटं बारीक येतात.

पीओपी कालवताना पाणी आधी, पावडर नंतर. साधारण ६५० मिली पाण्याला एक किलो. पावडर भुरभुरवत जा, पाण्यावर कोरडी बेटं राहायला लागली की थांबा, दोन मिनिटं मुरू द्या आणि मगच ढवळा. थोडं ओतून साचा फिरवा म्हणजे बोटांच्या टोकांत हवा अडकत नाही, मग बाकीचं ओता. गणपतीच्या कारखान्यातून पीओपी स्वस्तात मिळतं, पण पावसाळाभर उघड्या पोत्यात पडलेलं घेऊ नका. ओल धरलेलं पीओपी नीट सेट होत नाही, चुरा होतो.

पीओपीत हात बुडवून थेट साचा घ्यायचा नाही. सेट होताना ते तापतं. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला प्लास्टरच्या बादलीत हात घातलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची बहुतेक बोटं कापावी लागली होती. चेहऱ्याचा साचाही, शिकवणारा माणूस शेजारी उभा असल्याशिवाय, नको.

पुढे सिलिकॉनकडे गेलात तर एक लक्षात ठेवा: प्लॅटिनम सिलिकॉनला लेटेक्सचा हातमोजा लागला तरी ते त्या जागी सेट होत नाही, चिकट राहतं. गंधक असलेल्या क्लेचंही तेच. नायट्राइलचे हातमोजे घ्या.

गोळी लागल्यावर उडणारं रक्त

सिनेमात यासाठी अंगावर छोटे स्फोटक बार लावतात. ते विद्यार्थ्यांचं काम नाही. स्फोटकांना परवाना लागतो, आणि दिवाळीतले फटाके फोडून केलेला जुगाड हाताची बोटं घेऊन जातो. हवेच्या दाबाने तेच काम होतं.

नर्सरीत मिळणारा दोन लिटरचा हातपंपाचा स्प्रेअर घ्या. नवा. शेतातला फवारणीचा पंप, कितीही वेळा धुतलेला असला तरी, नाही. कीटकनाशक टाकीत, वॉशरमध्ये आणि पाइपात मुरलेलं असतं आणि तुम्ही ते माणसाच्या अंगावर उडवणार आहात.

पाइप आरओ मशीनचा, पाव इंची पांढरा. तो खाण्याच्या पाण्यासाठीचा असतो आणि दाबून बसवायचे जोड, एल्बो, छोटा बॉल व्हॉल्व्ह हे सगळं आरओ दुरुस्तीवाल्याकडे एकाच ठिकाणी मिळतं. स्प्रेअरचा नोझल काढून तिथे पाइप, मधे व्हॉल्व्ह, पुढे तीन मीटर पाइप नटाच्या पँटच्या पायातून वर छातीपर्यंत. टोक गरम करून चिमटून बंद करा आणि त्यावर तापवलेल्या सुईने तीन भोकं पाडा, साधारण दोन मिलिमीटरची. भोकं सदऱ्याकडे तोंड करून, बनियनवर मायक्रोपोर पट्टीने पाइप पक्का. जोडाजवळ पट्टी लावायची नाही, गळती तिथेच होते आणि ती दिसायला हवी.

सदरा आतून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने इतका घासा की उजेड दिसेल, मग मधे बारीक फुली कापून दोन सैल टाके घाला. हे न करता नुसतं रक्त मागून सोडलं तर सदरा फुटत नाही, फक्त ओला डाग पसरतो. चहा सांडल्यासारखं दिसतं.

रक्त उसाच्या रसाइतकं पातळ हवं आणि दोनदा गाळलेलं. कोको इथे वापरू नका, भोकं बुजतात. पंपाचे पंधरा-वीस दट्टे मारा, व्हॉल्व्ह हळूच उघडून रक्त भोकांच्या अगदी जवळ येईपर्यंत पुढे आणा आणि बंद करा. पाइपात हवा राहिली तर पहिल्यांदा फुरफुर आवाज येतो आणि रक्त अर्ध्या सेकंदाने येतं, तोवर नट पडूनही गेलेला असतो. टेकला व्हॉल्व्ह झटकन उघडून अर्ध्या सेकंदात बंद. आकडे मोजणारा माणूस एकच असावा आणि नटाने व त्या व्हॉल्व्हवाल्याने त्याच्याच तोंडाकडे बघावं.

पाण्यावर किमान पाच तालमी घ्या, त्यात नट खाली पडून पाहा. बहुतेकदा पाइप काखेत किंवा गुडघ्यामागे मुरडतो आणि काहीच येत नाही. भोकांची दिशा गळ्याच्या वर कधीच नको. शूट संपल्यावर त्याच दिवशी गरम पाणी पाइपातून काढा, नाहीतर ग्लुकोज व्हॉल्व्हमध्ये बसतं आणि व्हॉल्व्ह फेकावा लागतो.

फुटणारी काच

साखर ५०० ग्रॅम, पाणी २५० मिली, लिक्विड ग्लुकोज १५० ग्रॅम. एक फूट बाय एक फूट, चार मिलिमीटर जाडीच्या तावदानाला एवढं पुरतं. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आल्यावर ढवळायचं बंद. त्यानंतर ढवळलं की पाक परत दाणेदार होतो आणि काच पांढुरकी येते. १५० अंशांवर उतरवा. थर्मामीटर नसेल तर चिक्कीवाल्याची परीक्षा: थेंब गार पाण्यात टाकून मोडला की कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकला तर कच्चा. १६० कडे गेला तर पिवळा पडतो, मग ती बिअरच्या बाटलीची काच म्हणून खपवा. तूप लावलेल्या सपाट ट्रेमध्ये एका दमात ओता, तासभर हलवू नका.

हा पाक अंगावर सांडला तर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं, कारण तो चिकटून राहतो. ओतताना पूर्ण बाह्या, चपला नव्हे तर बूट, आणि बादलीभर गार पाणी शेजारी.

हवेचं गणित उलटं आहे. जिलेटिनला नकोसा वाटणारा कोरडा एप्रिल-मे या काचेला मानवतो. पावसाळ्यात ती हवेतलं पाणी ओढते आणि तासाभरात चिकट होते. उन्हाळ्यातसुद्धा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभी केली की स्वतःच्या वजनाने वाकते. सावलीत, हवाबंद डब्यात, टेकच्या आधी पाच मिनिटं बाहेर. एका टेकला दोन काचा धरा, कारण एक चौकटीत बसवतानाच जाते. तुकड्यांना धार असते. डोक्यावर, चेहऱ्यावर फोडायची नाही.

पाऊस

पाण्याचा मुद्दा आधी. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात उन्हाळ्यात टँकर रिकामा करून पावसाचा सीन घेतला तर गाव तुम्हाला दुसऱ्यांदा उभं करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. रब्बीत, ज्या पिकाला पाणी द्यायचंच आहे त्या रानाच्या कडेला सीन लावा. पाणी पिकालाच जातं, मोटर शेतकऱ्याची, तुषार संचही त्याचाच.

तुषारच्या एका नोझलमधून दाबाप्रमाणे मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी पडतं. चार नोझल, दीड मिनिटाचे दहा टेक, म्हणजे १,८०० लिटर. तालमी आणि जमीन आधी भिजवणं धरून याच्या दुप्पट हिशोब ठेवा. जमीन आधी भिजवणं टाळू नका. पाऊस पडतोय आणि मागची वाट कोरडी, ही चूक विद्यार्थ्यांच्या निम्म्या फिल्ममध्ये दिसते.

तुषारची अडचण अशी की तो फिरतो, त्यामुळे पाऊस झटक्याझटक्याने येतो, आणि पाणी आडवं फेकलं जातं. उभ्या पाइपाला जोड देऊन नोझल दहा-बारा फूट वर न्या, फ्रेमबाहेर ठेवा आणि दोन-दोन नोझलचे फेर एकमेकांवर येतील असे लावा. टकटक आवाज जात नाही. संवाद नंतर डब करायचे हे गृहीत धरा. खिडकीतून दिसणारा पाऊस किंवा एकट्या चेहऱ्याचा क्लोजअप असेल तर एवढा खटाटोप नको. दहा फुटी पीव्हीसी पाइपाला दीड मिलिमीटरच्या भोकांच्या दोन रांगा, भोकं पाच-पाच सेंटिमीटरवर आणि पुढे-मागे सरकवून. तीन मिलिमीटरची भोकं पाडलीत तर पन्हाळी गळल्यासारखं दिसेल.

पाऊस समोरच्या उजेडात दिसतच नाही. लाइट नटाच्या मागून, कॅमेऱ्याच्या दिशेने तिरका आणि मागची बाजू गडद हवी. तेव्हाच धारा चमकतात. शटर १/५० ठेवलं तर धारा लांबट, १/२०० ठेवलं तर सुटे थेंब. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमवर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर घरगुती दिवे लुकलुकत नाहीत. भर उन्हात पाऊस घेऊ नका, जमिनीवरच्या टोकदार सावल्या चुगली करतात. ढगाळ दिवस किंवा सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं.

लाइट बॅटरीवरचे वापरा. मेन्सवरचा लाइट लागणारच असेल तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घ्या आणि जोड जमिनीपासून वर, विटांवर ठेवा. काळ्या रानात स्टँड आणि ट्रायपॉडखाली फळ्या टाका. भिजली की ती माती पाय गिळते. वारा हवा असेल तर पत्र्याचा कूलर, पाणी न भरता, फ्रेमच्या कडेला.

धूर आणि धूळ

धुराचं मशीन मंडपवाल्याकडे किंवा डीजेवाल्याकडे भाड्याने मिळतं. नुसता सोडला तर धूर वर चढतो. जमिनीलगत धुकं हवं असेल तर मशीनचं तोंड बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या डब्यात घाला आणि दुसऱ्या बाजूने खाली एक भोक ठेवा. थंड झालेला धूर रांगत बाहेर येतो. ड्राय आइस मिळालाच तर बंद खोलीत नको. तो उणे ७८ अंशांचा असतो, आणि एका किलोतून पाचशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. तो खालीच साचतो, म्हणजे तुमचा प्रेत म्हणून झोपलेला नट नेमका त्यातच असतो. जुन्या वाड्याच्या खोलीत किरणं दाखवायची असतील तर धुपाटण्यात ऊद पुरतो. खोली भरू द्या, मिनिटभर थांबा, धूर सारखा पसरला की शॉट घ्या.

धुळीसाठी मुलतानी माती. जगभरच्या सेटवर धूळ म्हणून फुलर्स अर्थ उडवतात, तीच ही, आणि किराण्यात किलोवर मिळते. मैदा किंवा पीठ उडवायचं नाही, ठिणगी मिळाली की पिठाची धूळ भडकते. स्फोटात उडणाऱ्या मातीसाठी कोकोपीट आणि मुलतानी माती समसमान, थोडे रंगवलेले फोमचे तुकडे. चार फुटी फळी विटेवर तोलून एका टोकावर हा ढीग ठेवा आणि दुसऱ्या टोकावर कुणीतरी दणकन उडी मारा. ५० फ्रेमवर घेतलं आणि एक लाइट क्षणभर चमकवला की हे अपेक्षेपेक्षा फार चांगलं दिसतं. उडी मारणाऱ्याला आणि कॅमेऱ्यामागच्यांना मास्क, नटाला टेक संपताच.

ढासळणारी गढी

मिनिएचरमध्ये, म्हणजे छोट्या मॉडेलवर, चूक वेगाची होते. छोटी वस्तू छोट्या अंतरावरून पडते, म्हणून पटकन पडते आणि खेळणं वाटते. हिशोब असा: मॉडेल जितक्या पटीने लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ काढून फ्रेम रेटला गुणायचं. गढीची २० फुटी भिंत १:१६ मध्ये १५ इंच होते. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून २५ च्या चौपट, १०० फ्रेमवर घ्या. फोनमध्ये १२० असेल तर १२० वर घेऊन २५ च्या टाइमलाइनवर पूर्ण हळू करा आणि मग वेग १२० टक्के द्या. बरोबर तेवढंच होतं. पाणी आणि आग यांना हे गणित वाचवत नाही. थेंब आणि ज्वाळा लहान होत नाहीत, म्हणून १:४ पेक्षा लहान मॉडेलवर पूर दाखवू नका.

भिंत एकसंध ओतली तर ती पाटीसारखी आडवी पडते. पीओपी एक भाग, लाकडाचा भुसा एक, वाळू दोन असं ठिसूळ मिश्रण करून छोट्या विटा पाडा, त्या पांढऱ्या मातीच्या पातळ गाऱ्यात रचा आणि पोकळीत सुकी मुलतानी माती भरा. पडताना ती धुरळा सोडते. तुळयांना तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. झाडं हवी असतील तर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड, मुळासकट उपटून, धुवून, उलटी रोवा. मुळांचा तो फाटेदार पसारा पानगळ झालेल्या वडाइतका खरा दिसतो. पाडायला भिंतीमागून नायलॉनच्या दोन दोऱ्या, एक खाली आणि एक मधे. खालची आधी ओढायची.

फोकसला कडक उजेड लागतो आणि तो इथे फुकट आहे. भर उन्हात आयएसओ २०० आणि शटर १/२०० वर एफ १६, म्हणजे लेन्सचं बारीक छिद्र, मिळतं, म्हणजे पुढची पायरी आणि मागचा बुरूज दोन्ही स्पष्ट. फोनचं छिद्र बदलत नाही पण सेन्सर लहान असल्याने फोकस खोलच असतो. त्याला फक्त एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा. लेन्स मॉडेलमधल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, १:१६ मध्ये जमिनीपासून चार इंच. वरून घेतलेला एकही शॉट ठेवू नका.

शूटच्या दिवशी

रस्त्यावर खोटं रक्त किंवा खेळण्यातली बंदूक दिसणार असेल तर स्थानिक पोलिस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि पोच जवळ ठेवा. लोक ११२ ला फोन करतात, आणि त्यांनी करायलाच हवा. शेजारच्या दुकानदारांना तोंडी सांगा. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा किंवा बीबी का मकबऱ्यात शूट म्हटलं की पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. तिथे रक्त, धूर, पाणी यातलं काही करायचा विचार सोडा आणि तो भाग दुसऱ्या भिंतीसमोर घ्या.

वेळापत्रकात प्रत्येक इफेक्टसमोर पुन्हा लावायचा वेळ लिहा. रक्ताचा सदरा बदलायला वीस मिनिटं, काच बसवायला दहा, गढी पडली की ती त्या दिवसापुरती संपली. म्हणून गढी तीन कॅमेऱ्यांवर, तीन उंचींवरून, एकाच वेळी घ्या, आणि तिन्ही कॅमेरे चालू असल्याचं तोंडाने मोठ्याने सांगितल्याशिवाय दोरीला कुणी हात लावायचा नाही.